रविवारच्या रश्श्यात भाजी, आणि पहिला वाटा मायचा



रविवारी विहारात वंदना झाली की वस्तीत दुसरी गडबड सुरू होते. एका घरातून कांदा-खोबरं भाजल्याचा वास येतो, दुसऱ्या घरातले पोट्टे पिशवी घेऊन चिकनच्या दुकानासमोर उभे असतात. अमरावती असो की अकोला, आपल्या बहुतेक घरांत आठवड्यातून एकदा कोंबडी शिजते आणि तो दिवस सगळ्यांच्या आवडीचा असतो. मटण आता हात पोळणारं झालं, म्हणून बॉयलरची कोंबडी. बाकीचे सहा दिवस वरण, भाकर किंवा पोळी आणि आलूची नाहीतर वांग्याची भाजी.

या एका दिवसाच्या रश्श्याबद्दल आम्हाला आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत. पहिली, त्या रश्श्यात भाजी वाटून टाका आणि तेल कमी करा. दुसरी, तो रस्सा वाढताना आधी घरातल्या बाईचा आणि पोरीचा वाटा काढा. पहिली गोष्ट सोपी आहे. दुसरी अवघड आहे, म्हणून तिच्यावरही लिहिणार आहोत.

विहारातल्या आरोग्याच्या बैठकीत आम्ही पहिली गोष्ट काढली तेव्हा एक आजी ताडकन म्हणाल्या, "व बाई, कोंबडीत कोहयं टाकते काय कोनी!" सगळ्या हसल्या, आम्हीही हसलो. मग आम्ही विचारलं, "मागच्या रविवारी तुमच्या ताटात किती तुकडे आले?" हसणं थांबलं. एक म्हणाली, मानेचा तुकडा. एक म्हणाली, माझ्यापर्यंत येईस्तोवर रस्साच उरला होता. एकीने सांगितलं, मी पोट्ट्यांच्या ताटातलं उरलेलं खाल्लं.

हे आम्ही कोणाला लाजवायला लिहीत नाही. आमच्याही घरी हेच चालायचं. पण आकडे पाहा. 2019 ते 2021 या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या दर 100 बायांपैकी 54 जणींच्या अंगात रक्त कमी निघालं. सहा महिने ते पाच वर्षांच्या लेकरांमध्ये हे प्रमाण 100 मागे जवळपास 69 होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त माया आणि दोन तृतीयांशाहून जास्त लेकरं. पाणी भरताना दम लागतो, डोळ्यांपुढे अंधारी येते, पोरीचं अभ्यासात लक्ष लागत नाही, यातलं बरंचसं इथून येतं. आणि आपण म्हणतो, कामाचा थकवा आहे.

कोंबडी आणि भाजी एकत्र का

पुष्कळांना वाटतं, कोंबडी खाल्ली की रक्त वाढतं. खरं सांगायचं तर कोंबडीच्या 100 ग्रॅम मांसात लोह जेमतेम 1 मिलिग्रॅमच्या आसपास असतं. तिची खरी देणगी प्रथिनांची. हाडासकट 1 किलो कोंबडीत हाडं वगळून 600 ते 650 ग्रॅम मांस निघतं. सहा माणसांत सारखं वाटलं तर माणशी 20 ग्रॅमच्या आसपास प्रथिनं येतात. 60 किलो वजनाच्या माणसाला दिवसाला साधारण 50 ग्रॅम लागतात. म्हणजे एका जेवणात चांगला वाटा झाला.

पालकाचं उलट आहे. त्यात लोह असतं, पण आपल्या शरीराला ते नीट उचलता येत नाही. तेच पालक मांसासोबत पोटात गेलं तर त्यातलं लोह जास्त प्रमाणात अंगी लागतं. टमाटर आणि लिंबाचा आंबटपणाही तेच काम करतो. म्हणून पालक एका दिवशी आणि कोंबडी दुसऱ्या दिवशी खाण्यापेक्षा दोन्ही एका ताटात असणं फायद्याचं. आणि जेवणावर लगेच चहा घेतला की हा फायदा बराचसा वाया जातो. जेवणानंतर निदान तासभर चहा नको. वऱ्हाडात हे सांगणं म्हणजे धाडसच आहे, तरी सांगतो.

कलेजीत मात्र लोह भरपूर असतं. कोंबडी घेताना ती फेकू नका, दुकानदाराला ठेवू देऊ नका. घरातल्या पोरीला, मायला द्या. गरोदर बाईने मात्र कलेजी वरचेवर खाऊ नये, कारण तिच्यात अ जीवनसत्त्व फार असतं. क्वचित थोडीशी, तीही डॉक्टरांना किंवा नर्सबाईंना विचारून.

आता भाजीचं. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 साली जे मार्गदर्शन केलं, त्यात मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे 400 ग्रॅम भाजी सांगितली आहे. आपल्या ताटात ती किती असते? चमचाभर आलू-वांगं, आणि रविवारी तर कांद्याची एक फोड. रविवारी कोंबडी असली की भाजीला सुट्टी, हाच आपला नियम. तो मोडायचा आहे.

रस्सा कसा करायचा

सहा माणसांसाठी हे साहित्य घ्या:

- चामडी काढलेली कोंबडी 1 किलो
- लाल कोहळं 300 ग्रॅम
- दुधी भोपळा 300 ग्रॅम
- टमाटर 300 ग्रॅम
- गाजर 150 ग्रॅम
- पालक 150 ग्रॅम
- तुरीची डाळ एक मूठ, अर्धा तास भिजवलेली
- कांदे तीन, सुकं खोबरं अर्धी वाटी, अद्रक, लसूण, धने आणि घरचा काळा मसाला
- तेल 4 मोठे चमचे, म्हणजे 60 मिलिलिटर
- सांभार आणि एक लिंबू

दुधी चिरण्याआधी त्याचा बारीक तुकडा जिभेवर ठेवून पाहा. कडू लागला तर थुंका आणि तो दुधी फेकून द्या. कडू दुधी विषारी असतो, शिजवूनही त्याचं विष जात नाही.

कोहळं, दुधी, गाजर, टमाटर आणि डाळ कुकरमध्ये थोडं पाणी घालून तीन शिट्ट्या होऊ द्या. झाकण उघडलं की गरम असतानाच पालक त्यात टाका, पाच मिनिटांत तो बसतो. थंड झालं की मिक्सरमधून काढा. मिक्सर नसेल तर रवीने घोटा, थोडं जाडसर राहिलं तरी चालतं. कांदा आणि खोबरं कोरडंच भाजा, तेलात तळू नका. ते पाट्यावर किंवा मिक्सरवर अद्रक, लसूण आणि धन्यांसोबत वाटून घ्या.

आता तीन चमचे तेलात हे वाटण परता. तेल कमी आहे म्हणून तळाला लागेल, तेव्हा पाण्याचा हबका मारत राहा. मसाला आणि हळद घाला, कोंबडी टाका आणि झाकण ठेवून दहा मिनिटं तिच्या अंगच्या पाण्यात शिजू द्या. मग भाजीचा घोट घाला, लागेल तेवढं गरम पाणी ओता आणि मंद आचेवर मांस हाडापासून सुटेस्तोवर शिजवा. लोखंडी कढईत केलं तर कढईतलंही थोडं लोह रश्श्यात उतरतं. शिजल्यावर रस्सा दुसऱ्या भांड्यात काढा, कढईत ठेवू नका.

तुम्ही म्हणाल, तर्री कुठं गेली? उरलेला एक चमचा तेल गरम करा, गॅस बंद करा, त्यात रंगाची मिरचीपूड टाका आणि रश्श्यावर ओता. लाल तवंग दिसतो, डोळ्याला समाधान मिळतं. काळ्या मसाल्यामुळे पालकाचा हिरवा रंग दिसत नाही. कोहळं आणि गाजर गोड असतात, ती गोडी टमाटर आणि लिंबाने मोडते. सोबत ज्वारीची भाकर.

हिशोब करून पाहा. भाजी एकूण 1200 ग्रॅम झाली, म्हणजे माणशी 200 ग्रॅम. दिवसाची निम्मी भाजी एका रश्श्यात आली. तेल माणशी 10 मिलिलिटर. आपल्याकडे एक किलो कोंबडीला पाव लिटर तेल ओतणारी घरं आहेत. तिथे माणशी 40 मिलिलिटरच्या वर जातं, म्हणजे दिवसभराच्या सगळ्या स्वयंपाकाचं तेल एकाच वाटीत आणि वर आणखी थोडं. शुगर, बीपी आणि छातीचं दुखणं आता आपल्या वस्तीत चाळिशीतच येऊ लागलं आहे. वाचलेल्या तेलाच्या पैशात कोहळं आणि दुधी येतात, हेही लक्षात घ्या. संध्याकाळी बाजार उठताना या भाज्या आणखी स्वस्त मिळतात.

मिठाचंही बोलू. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात राहणाऱ्यांच्या तर बोअरच्या पाण्यातच खार असतो. दिवसभराचं मीठ माणशी 5 ग्रॅमच्या आत, म्हणजे एका लहान चमच्याएवढं असावं. रश्श्यात मीठ कमी घाला आणि लिंबू जास्त पिळा. वर लोणचं आणि पापड नकोत.

आठवड्याची तयारी, पण उन्हाळा ध्यानात ठेवून

रोज मजुरीला, धुण्याभांड्याला, दुकानात जाणाऱ्या बाईला रोज सगळं निवडून-चिरून करायला वेळ नसतो. म्हणून आठवड्याची तयारी रविवारी करणं चांगलं. पण शहरी पद्धतीने आठवड्याची कोंबडी एकदम शिजवून ठेवा असं आम्ही कधीच सांगणार नाही. अकोल्यात उन्हाळ्यात पारा 45 च्या वर जातो आणि त्याच दिवसांत लाईट जाते. शिजलेली कोंबडी चांगल्या चालणाऱ्या फ्रीजमध्येही तीन दिवसांच्या वर ठेवू नये. बाहेर ती दोन तासांच्या वर नको, उन्हाळ्यात एका तासाच्या वर नको. लाईट गेली तर फ्रीजचं दार उघडू नका, बंद दाराचा फ्रीज साधारण चार तास थंडावा धरतो. उरलेला रस्सा लागेल तेवढाच काढून खळखळ उकळा. तोच तोच गंज रोज गरम करून पुन्हा आत ठेवू नका.

मग आठवड्यासाठी काय करायचं? भाजीचा घोट दुप्पट करायचा. निम्मा रविवारच्या कोंबडीत जातो. उरलेल्याचे तीन डबे भरून बर्फाच्या कप्प्यात ठेवायचे. मंगळवारी एका डब्यात अंडाकरी, गुरुवारी दुसऱ्यात सोयाबीनची वडी किंवा चवळी, शनिवारी तिसरा फोडणीच्या वरणात. एका दिवसाच्या मेहनतीत चार दिवसांची भाजी होते.

ज्यांच्याकडे फ्रीज नाही त्यांनी काय करावं, हे आम्हाला प्रत्येक बैठकीत विचारलं जातं. आणि विचारणं बरोबर आहे, कारण आरोग्याचे सल्ले बहुतेक फ्रीजवाल्या घरांसाठीच लिहिलेले असतात. उत्तर आपल्या आज्यांकडे आहे. वऱ्हाडात उन्हाळ्यात भाज्या वाळवायची रीत आहेच. मेथी, पालक आणि शेवग्याचा पाला धुऊन, निथळून, सावलीत कडकडीत वाळवा आणि भुकटी करून कोरड्या बरणीत भरा. रश्श्यात, वरणात, भाकरीच्या पिठात दोन चमचे टाका. शेवगा तर पुष्कळ वस्त्यांत दारातच असतो, आणि आपण शेंगा खातो, पाला फेकतो. कोंबडी मात्र फ्रीज नसेल तर त्याच दिवशी संपेल एवढीच आणा.

कच्ची कोंबडी नळाखाली जोरात धुऊ नका. तिचं पाणी उडून शेजारच्या हंड्यावर आणि भांड्यांवर जातं, आणि जंतू त्यासोबत जातात. धुवायचीच असेल तर गंजात हळू धुवा. ज्या विळीवर कोंबडी कापली त्याच विळीवर न धुता कांदा आणि काकडी चिरू नका. हात साबणाने धुवा.

कोणी विचारून खावं

किडनीचा त्रास असलेल्यांनी हा रस्सा डॉक्टरांना विचारूनच खावा. त्यांना प्रथिनं मोजून घ्यावी लागतात, आणि पालक-टमाटरातलं पोटॅशियमही त्यांना बाधू शकतं.

दुसरी गोष्ट सिकलसेलची. विदर्भात आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजात हा आजार बराच आहे, ते लपवून काही होत नाही. तो आई आणि बाप दोघांकडून येतो. खाण्याने होत नाही आणि खाण्याने जातही नाही. 1 जुलै 2023 पासून केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाची मोहीम सुरू केली आहे, तपासणी सरकारी दवाखान्यात होते. घरात रक्त कमी असणारं कोणी असेल तर आधी ही तपासणी करा. सिकलसेलच्या पेशंटने लोहाच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत, त्याच्या अंगात लोह आधीच जास्त साठलेलं असू शकतं. त्याने पाणी भरपूर प्यावं आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या चुकवू नयेत. आणि लग्न जुळवताना पत्रिका पाहायची नाही, दोघांची रक्ततपासणी पाहायची. आपण पत्रिका सोडली, त्या जागी हा कागद यायला हवा.

लपवणं कुठपर्यंत

आमच्यातल्याच एका मास्तरीणबाईंचा आक्षेप असा की भाजी लपवून खाऊ घातली तर लेकराला भाजी खायची सवय कशी लागेल? त्यांचं खरं आहे. लपवणं ही सुरुवात आहे. तीन वर्षांच्या लेकराला आणि साठ वर्षांच्या हट्टी सासऱ्याला पहिले काही रविवार सांगू नका. रस्सा आवडला, दुसऱ्यांदा मागून घेतला, की मग सांगा यात काय होतं ते. त्यानंतर कोहळ्याच्या चार फोडी तशाच राहू द्या, दिसू द्या. ताटात कच्ची काकडी, मुळा, कांद्याची पातही असू द्या.

कोणी म्हणतं, आपण बौद्ध, पंचशील घेणारे, मग कोंबडीवर लिहायचं कशाला? "बुद्ध आणि त्यांचा धम्म" या ग्रंथात बाबासाहेबांनी मारण्याची इच्छा आणि मारण्याची गरज यांत फरक केला आहे. त्यावरून कोणी काय खावं हे ज्याने त्याने ठरवावं. पौर्णिमेला, वर्षावासात पुष्कळ घरांत कोंबडी होत नाही. तेव्हा हाच घोट सोयाबीनच्या वडीत घाला. सोयाबीन आपल्या वऱ्हाडातच पिकतं, आणि कोरड्या वडीत वजनाच्या निम्मी प्रथिनं असतात. पण जो खातो त्याला दुसऱ्याने खाण्यावरून खाली पाहायला लावू नये. आपल्या लेकरांच्या अंड्यावरून हे राज्यात घडून गेलं आहे. नोव्हेंबर 2023 मध्ये शाळेच्या पोषण आहारात आठवड्यातून एक अंडं सुरू झालं, आणि जानेवारी 2025 मध्ये सरकारने त्याचा पैसा थांबवला. ज्या लेकराच्या घरी आठवड्यात एकदाच कोंबडी शिजते त्याला त्या एका अंड्याची किंमत विचारा. शाळा व्यवस्थापन समितीत आपले पालक बसतात. त्यांनी हा प्रश्न तिथे मांडलाच पाहिजे.

1927 च्या मार्चमध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी आपल्या माणसांना मेलेल्या जनावरांचं मांस सोडायला सांगितलं. चवदार तळ्याचं पाणी आपल्याला आठवतं, ही गोष्ट आपण विसरतो. काय खायचं आणि कोणाच्या हातून आलेलं खायचं, हा प्रश्न तेव्हापासून आपल्या चळवळीचा आहे. आजीने ती शपथ पाळली म्हणून आज आपण बाजारातून ताजी कोंबडी निवडून आणतो. आता पुढचा प्रश्न घरातला आहे, आणलेली कोंबडी कोणाच्या ताटात जाते.

म्हणून येत्या रविवारी एवढं करा. गंज चुलीवरून उतरला की वाढायला बसण्याआधी सगळ्यांची ताटं एका ओळीत मांडा, बाईचं ताटही. तुकडे मोजून सारखे घाला. शाळेत जाणाऱ्या पोरीला आणि घरातल्या मायला कलेजी द्या. हे काम बाईने एकटीने करायचं नाही, कारण ती स्वतःच्या ताटात कमीच घालेल. ते घरातल्या बापाने आणि मोठ्या मुलाने करायचं. 14 एप्रिलला मिरवणुकीत पुढे चालणाऱ्या पोरांनो, हे तुमचं काम आहे. त्याला पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही.

परवा त्याच आजी विहारात भेटल्या. म्हणाल्या, "कोहयं टाकलं होतं, म्हाताऱ्याले समजलंच नाही." आम्ही विचारलं, "आणि तुम्ही किती तुकडे खाल्ले?" त्या क्षणभर गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "दोन. नातवानं वाढले."

जय भीम!